शीतकपाटातील मासळीचे नासणे आणि जिवाणूंमधील रासायनिक संकेत: कारण की केवळ सोबत?

मत्स्य_अभ्यासक:

नमस्कार. मी मत्स्यप्रक्रिया विषयाची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून ४ अंश सेल्सिअसला साठवलेल्या समुद्री माशांच्या तुकड्यांचा टिकाऊपणा हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. काम सुरू केल्यापासून एक गोष्ट मला सतत खटकते आहे. दोन नमुन्यांमधील जिवाणूंची एकूण संख्या जवळजवळ सारखी, म्हणजे दर ग्रॅमला १ कोटीच्या आसपास असते. तरीही एका नमुन्याला उग्र वास सुटलेला असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर बुळबुळीत थर धरलेला असतो, तर दुसरा नमुना वासाला आणि स्पर्शाला अजून ठीक वाटतो.

जिवाणू रासायनिक संकेत सोडतात आणि त्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की ते संकेत ओळखून सगळे मिळून काही जनुके कार्यान्वित करतात, हे ‘कोरम सेन्सिंग’ विषयी वाचल्यावर माझ्या कोड्याचे उत्तर इथेच असावे असे मला वाटू लागले. दुसऱ्या नमुन्यातील जिवाणू संख्येने तेवढेच असले तरी त्यांच्यातील संकेतांची पातळी अजून पुरेशी वाढलेली नसावी, असा माझा तर्क आहे. मार्गदर्शकांना तो पटला. पण हे दाखवून कसे देणार, असे त्यांनी विचारले आणि तिथे माझे गाडे अडले.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे: मासळी नासण्यात या संकेतांचा वाटा खरोखर किती आहे? मांसातील संकेत-रेणूंचे प्रमाण मोजून ताजेपणाचा निर्देशांक म्हणून ते वापरता येईल का? आणि दालचिनी किंवा लवंग यांच्या अर्काने हे संकेत अडवून टिकाऊपणा वाढवता येतो, असे जे अनेक लेखांत म्हटलेले असते, त्यावर कितपत विसंबावे?


पेट्रीडिश:

आपला तर्क आकर्षक आहे. परंतु संकेत-रेणूंकडे वळण्याआधी, १ कोटी हा आकडा कोणत्या जिवाणूंचा आहे ते आधी पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते आपल्या कोड्याचा मोठा भाग तिथेच सुटतो.

मासळीवर जे जिवाणू असतात, त्यांतले थोडेच प्रकार तिला प्रत्यक्षात नासवतात. हवेच्या सान्निध्यात थंड ठेवलेल्या समुद्री माशांत हे काम मुख्यतः शेवानेला आणि स्यूडोमोनास करतात. पाकिटात कार्बन डायऑक्साइड भरलेला असेल, तर तो वायू सहन करणारा फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियम पुढे येतो. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे निर्गंध संयुग मुळातच असते. शेवानेला आणि फोटोबॅक्टेरियम हे दोन्ही जिवाणू ऑक्सिजन कमी पडल्यावर श्वसनासाठी त्याचा वापर करतात आणि त्यातून ट्रायमिथाइलअमाइन तयार होते. शिळ्या मासळीचा ओळखीचा वास तो हाच. स्यूडोमोनासचे बहुतेक प्रकार हे करू शकत नाहीत. ते अमिनो आम्लांवर वाढतात, आणि त्यांचा वास येतो तो कुजक्या फळांसारखा किंवा गंधकयुक्त. त्यातही गोम अशी की, फोटोबॅक्टेरियमची एक पेशी शेवानेलाच्या एका पेशीच्या कितीतरी पटींनी अधिक ट्रायमिथाइलअमाइन तयार करते, त्यामुळे तो जिवाणू तुलनेने कमी संख्येत असतानाही मासळी नाकाला नकोशी होते. म्हणजे एकूण संख्या सारखी असलेले दोन नमुने वासाने सर्वस्वी वेगळे निघण्यासाठी संकेतांची मुळीच गरज नाही. त्यांतील जिवाणूंचे प्रकार वेगळे असले की पुरे.

आता पद्धतीविषयी. आपण संख्या कशी मोजता हे लिहिलेले नाही. ३७ अंशांना उबवलेल्या डिशमध्ये थंडीत वाढणाऱ्या जिवाणूंचा मोठा भाग उगवतच नाही. फोटोबॅक्टेरियम इतका नाजूक आहे की ४५ अंशांच्या वितळलेल्या ॲगरमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमात) नमुना मिसळला, तर त्याच्या बऱ्याच पेशी तिथेच मरतात. त्यासाठी १ टक्का मीठ असलेल्या, आधीच थंड केलेल्या माध्यमाच्या पृष्ठभागावर नमुना पसरून डिश १५ अंशांना ठेवावी लागते. शेवानेलासाठी आयर्न ॲगर वापरा. त्यात थायोसल्फेट, सिस्टीन आणि लोहाचा क्षार असतो. हायड्रोजन सल्फाइड सोडणाऱ्या जिवाणूंच्या वसाहती त्यात काळ्या कुळकुळीत दिसतात आणि बाकीच्या पांढुरक्या राहतात. मात्र २० ते २५ अंशांना सुमारे ३ दिवस ठेवल्यावर लगेच मोजणी करा, कारण आणखी थांबल्यास लोहाच्या सल्फाइडचे हवेत ऑक्सिडीकरण होऊन काळा रंग फिका पडू लागतो आणि संख्या फसवी निघते. आपले दोन्ही नमुने या पद्धतीने तपासल्यावरही नासवणाऱ्या जिवाणूंची संख्या सारखीच निघाली, तर मग संकेतांचा विचार करण्यात अर्थ आहे.

तो विचार करायचा झाल्यास पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. समुद्रातील प्रकाश देणारे जिवाणू द्रावणात विरळ असताना चमकत नाहीत आणि दाट झाल्यावरच चमकतात, कारण ते स्वतः सोडलेला एक रेणू माध्यमात साठत जातो, हे नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये मांडले. त्या रेणूची रचना १९८१ मध्ये कळली. तो ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन, म्हणजे एएचएल, या गटातला होता. ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मात्र १९९४ मध्ये फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांनी रूढ केले. यंत्रणेचा गाभा सोपा आहे: लक्स-आय या प्रकारचे विकर संकेत-रेणू बनवते, तो पेशीबाहेर पसरतो, दाटी वाढली की पुन्हा आत येऊन लक्स-आर या प्रकारच्या प्रथिनाला चिकटतो, आणि ते प्रथिन ठरावीक जनुके चालू करते. संकेत बनवणारे जनुकही बहुधा त्यांतच असते, म्हणून एकदा उंबरठा ओलांडला की प्रतिसाद झपाट्याने वाढतो. एएचएलची ही यंत्रणा ग्राम-ऋण जिवाणूंची आहे. पेशीभित्तीच्या घडणीने त्यांच्याहून वेगळे असलेले ग्राम-धन जिवाणू यासाठी लहान पेप्टाइड वापरतात, आणि एआय-२ नावाचा एक रेणू दोन्ही गटांत आढळतो.

अन्नाच्या बाबतीत भक्कम पुरावा म्हणावा असा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो दुधावरचा आहे. सेराशिया प्रोटिॲमॅक्युलान्स या जिवाणूतील संकेत बनवणारे जनुक निकामी केल्यावर त्या जिवाणूने दूध नासवणे थांबवले, आणि संकेत-रेणू बाहेरून घातल्यावर ते पुन्हा नासू लागले. याच्या उलट, निर्वात पाकिटातील मांसात हाफनिया अल्वी हा जिवाणू भरपूर एएचएल तयार करतो हे दिसल्यावर त्याचेही संकेत न बनवणारे प्रकार तयार करून तपासले गेले. तेव्हा मांस नासण्यात काहीच फरक पडला नाही, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात आढळले. थंड धूर दिलेल्या सामन माशात एएचएल बनवणारे जिवाणू सापडतात, हे १९९९ पासूनच माहीत आहे. परंतु संकेत सापडणे आणि संकेतामुळे मासळी नासणे यांत मोठे अंतर आहे, आणि या विषयावरील बरेच लेखन ते अंतर न चालताच पलीकडे पोहोचते.

माझ्या दृष्टीने यामागचे कारण मांसाच्या घडणीत आहे. एएचएल संकेतांनी नियंत्रित होणाऱ्या गोष्टींत पेशीबाहेर सोडली जाणारी प्रथिने तोडणारी विकरे ठळक आहेत. दुधात जिवाणूंसमोर मुख्यतः अखंड प्रथिने असतात आणि ती तुटली की दूध फाटते, त्यामुळे विकर अडवले की नासणे अडते. माशाच्या मांसात मात्र सुटी अमिनो आम्ले, न्यूक्लिओटाइड आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड अशी लहान नत्रयुक्त संयुगे आयतीच उपलब्ध असतात, आणि दुर्गंध त्यांच्यापासूनच तयार होतो. प्रथिने तोडण्याची पाळी येईपर्यंत मासळी नाकाने केव्हाच नापास केलेली असते. त्यामुळे मासळीत संकेतांचा परिणाम शोधायचा असेल तर तो मांस मऊ पडणे आणि चिकट थर धरणे यांत आधी शोधावा, ट्रायमिथाइलअमाइनमध्ये नंतर.

शेवानेलाविषयी एक पुरवणी. शेवानेला बाल्टिकाच्या अभ्यासलेल्या प्रकारांत एएचएल बनवणारे जनुक आढळत नाही, पण लक्स-आर सारखी ग्राहक प्रथिने आढळतात. म्हणजे इतरांचे संकेत ऐकण्याची सोय त्यात असू शकते. शिवाय त्यात एआय-२ आणि चक्रीय डायपेप्टाइड हे संकेताचे काम करतात, असे थंड साठवलेल्या मासळी व कोळंबीवरील कामांत मांडले गेले आहे. इथे सावध राहावे, कारण चक्रीय डायपेप्टाइड पेप्टोनयुक्त माध्यमे तापवतानाही आपोआप तयार होतात. जिवाणू न घातलेल्या माध्यमाची तुलना जोडल्याशिवाय असा दावा मी तरी मान्य करणार नाही.


शीतगृह:

मी प्रक्रिया उद्योगात गुणवत्ता नियंत्रणाचे काम करतो, त्यामुळे माझे मत थोडे रोखठोक वाटेल. पेट्रीडिश यांनी जिवाणूंच्या प्रकारांविषयी जे लिहिले आहे त्याच्याही आधी मी तापमान पाहीन. ४ अंश हे शीतकपाटाच्या दारावरील आकड्यात असते. मांसाच्या मध्यभागी किती असते हे स्वतंत्र तापमापक खुपसून पाहिल्याशिवाय कळत नाही. समशीतोष्ण समुद्रातील मासळीसाठी नासण्याचा सापेक्ष वेग काढायचे एक सोपे सूत्र आहे: तापमानाला ०.१ ने गुणावे, त्यात १ मिळवावा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करावा. बर्फात, म्हणजे ० अंशाला, हा वेग १ धरला तर ४ अंशांना तो जवळजवळ २ येतो, ७ अंशांना २.९ आणि १० अंशांना ४. एक नमुना कपाटाच्या मागच्या भिंतीशी आणि दुसरा दाराजवळ ठेवला असेल, तर त्यांच्यातील फरक कोणत्याही संकेत-रेणूपेक्षा मोठा परिणाम करून जातो.

दुसरे, ताजेपणा कमी होणे आणि जिवाणूंमुळे नासणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत आणि प्रबंधात त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. मासा मेल्यानंतर त्याच्या स्वतःच्या विकरांमुळे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, विघटन सुरू होते. आधी इनोसिन मोनोफॉस्फेट बनते, ज्यामुळे मांसाला गोडसर चव असते, आणि पुढे इनोसिन व हायपोझँथिन तयार होऊन ती चव जाते. सुरुवातीच्या दिवसांत जो बदल जाणवतो, तो बराचसा यामुळे. जिवाणूंचा वाटा पुढच्या टप्प्यात वाढतो. निरोगी जिवंत माशाचे मांस आतून निर्जंतुक असते. जिवाणू असतात ते त्वचेवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत. तुकडे करताना सुरी आणि पाट यांच्यामार्फत ते मांसावर पसरतात, आणि कोणत्या तुकड्यावर कोणते जिवाणू किती बसले हा मोठ्या प्रमाणावर योगायोगाचा भाग असतो.

संकेतांना माझ्या कामात काहीच महत्त्व नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ते मला दिसते यंत्रांच्या पृष्ठभागावर. पट्ट्याच्या सांध्यात, कापण्याच्या पाटावरील चरांत आणि बर्फयंत्राच्या नळीत जिवाणूंचा जो चिवट थर जमतो, तो घडताना आणि सुटताना असे संकेत अनेक जिवाणूंमध्ये भाग घेतात. पेशी तिथे एकमेकींना अक्षरशः चिकटून असतात आणि संकेत-रेणू वाहून जात नाहीत, त्यामुळे एकूण संख्या कमी असतानाही त्या जागी त्यांची तीव्रता पुरेशी होते. अशा थरातून दररोज नव्या मालावर शेवानेला आणि स्यूडोमोनास उतरत राहतात, आणि मग मालाच्या टिकाऊपणाचे गणित पहिल्याच दिवशी बिघडते. सगळे लक्ष पाकिटातील मांसावर केंद्रित करून या बाजूकडे दुर्लक्ष करणे मला चुकीचे वाटते.

जाता जाता एक सांगतो, कारण हा प्रश्न ग्राहकांकडून अधूनमधून येतो. अंधारात कोळंबी किंवा मासा निळसर चमकला, तर घाबरून जाऊ नये. प्रकाश देणारे समुद्री जिवाणू थंडीतही वाढतात आणि ती चमक त्यांची असते. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकातच चमकणारा मासा हवा काढून घेतलेल्या काचपात्रात ठेवून हवेचा आणि या प्रकाशाचा संबंध तपासला होता. चमक हे मासळी विषारी असल्याचे लक्षण नाही. मात्र मिठाच्या वातावरणात वाढणाऱ्या जिवाणूंची संख्या बरीच वाढली आहे एवढे ती सांगते, तेव्हा तापमानाची नोंद जरूर तपासावी.


मत्स्य_अभ्यासक:

दोघांचेही मनापासून आभार. मोजणी मी ३० अंशांना आणि वितळलेल्या ॲगरमध्ये नमुना मिसळूनच करत होते, त्यामुळे ती पद्धत आता बदलते आणि प्रत्येक नमुन्यात तापमापकही ठेवते. तरीही संकेत-रेणू मोजण्याचा भाग प्रबंधातून पूर्ण वगळावा असे मला वाटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमचा सीव्ही०२६ हा प्रकार उपलब्ध आहे. त्याने माशाच्या अर्कातील एएचएल तपासता येईल का, आणि दालचिनी व लवंग यांच्या तेलांची चाचणीही त्याच्यावरच करावी का?


रेणूवाचक:

येईल, पण त्या प्रकाराच्या मर्यादा ठाऊक असल्या पाहिजेत. सीव्ही०२६ स्वतः एएचएल बनवू शकत नाही. बाहेरून मिळाले तर व्हायोलेसिन हे जांभळे रंगद्रव्य तयार करतो. ॲगरमध्ये भोक पाडून त्यात अर्क घातल्यावर भोवती जांभळे वलय उमटले, तर अर्कात संकेत आहेत असे समजतात. मात्र तो प्रतिसाद देतो तो ४ ते ८ कार्बनच्या लहान शृंखला असलेल्या रेणूंना. १० कार्बन आणि त्याहून लांब शृंखलेचे एएचएल उलट रंग दाबून टाकतात. आपल्या नमुन्यात दोन्ही प्रकारचे रेणू असतील, तर डिश पांढरीच राहील आणि संकेत नाहीत असा उफराटा निष्कर्ष निघेल. म्हणून ॲग्रोबॅक्टेरियमचा सूचक प्रकार सोबतीला घ्यावा. तो लांब शृंखलेचे रेणूही ओळखतो आणि एक्स-गॅल (विकराने तुटल्यावर निळा रंग देणारे रसायन) घातलेल्या माध्यमात निळा होतो. अर्क काढताना किंचित आम्लयुक्त इथाइल ॲसिटेट वापरावे, कारण या रेणूंचे लॅक्टोन वलय आम्लात टिकते आणि अल्कधर्मी माध्यमात उघडते.

ताजेपणाचा निर्देशांक म्हणून एएचएल वापरण्याला माझा आक्षेप याच रसायनशास्त्रावर आधारलेला आहे. ताज्या माशाच्या मांसाचा पीएच बहुधा ७ च्या खाली असतो, पण नासताना अमोनिया आणि अमाइन साठत जातात तसा तो वर सरकतो. वलय उघडले की रेणू संकेत म्हणून निकामी होतो. शिवाय काही जिवाणू लॅक्टोनेज नावाच्या विकराने इतरांचे संकेत तोडतात. याचा अर्थ असा की एएचएलचे प्रमाण आधी वाढेल आणि मासळी आणखी नासल्यावर कदाचित घटेल. तेव्हा कमी आकडा ताज्या मासळीचा की पार कुजलेल्या मासळीचा, हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही. एकूण बाष्पशील क्षारीय नत्र (अमोनिया आणि अमाइन यांचे एकत्रित प्रमाण) आणि ट्रायमिथाइलअमाइन या जुन्या चाचण्यांनाही दोष आहेत, पण त्यांचे आकडे निदान एकाच दिशेने चालतात.

एआय-२ मोजण्याचा विचार असेल, तर व्हिब्रिओ हार्वेयीच्या सूचक प्रकाराचा प्रकाश नमुन्यातील ग्लुकोज आणि अन्य घटकांनीही कमीजास्त होतो, हे ध्यानात ठेवावे. त्याहून मूलभूत अडचण अशी की, लक्स-एस हे विकर पेशीतील मिथिलीकरणाच्या चक्रातील टाकाऊ भाग पुन्हा वापरात आणण्याचे काम करते आणि एआय-२ त्या ओघातच तयार होतो. एखादा जिवाणू एआय-२ सोडतो म्हणून तो त्याच्याद्वारे बोलतोच असे नाही. ऐकण्यासाठी ग्राहक प्रथिन आहे का, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

आता अर्कांविषयी. दालचिनीतील सिनामाल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल हे दोन्ही पदार्थ जिवाणूंना मारतात, आणि त्या मात्रेखाली संकेतांवरही परिणाम करतात असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. घोटाळा नेमका इथे होतो. जांभळ्या झालेल्या डिशवर तेलाचा थेंब ठेवला की त्याभोवती रंगहीन वर्तुळ दिसते. ते वर्तुळ उजेडासमोर धरून बघा. आतला भाग काचेसारखा पारदर्शक असेल, तर तिथे जिवाणू वाढलेच नाहीत, म्हणजे तेलाने त्यांना मारले. आतला भाग दुधी आणि अपारदर्शक असेल, म्हणजे वाढ आहे पण रंग नाही, तरच संकेत अडवला गेल्याची शक्यता उरते. पुष्कळदा दोन्ही एकात एक दिसतात, मध्यभागी पारदर्शक आणि कडेला दुधी. त्या कडेवरही लगेच विश्वास ठेवू नये, कारण मेटाकुटीला आलेली पेशी रंगद्रव्य बनवणे सर्वांत आधी सोडते. एएचएलशी संबंध नसलेल्या कारणाने रंग देणारा दुसरा एखादा प्रकार त्याच तेलासमोर ठेवून त्याचाही रंग जातो का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

डिशवर मिळालेला परिणाम मासळीवर तसाच मिळेल, हेही गृहीत धरू नका. ही तेले मेदात विरघळतात आणि प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे मेदयुक्त माशात त्यांची मोकळी मात्रा फार कमी उरते. मात्रा वाढवली तर मासळीला मसाल्याचा वास येतो आणि चव परीक्षणातच ती बाद होते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पुल्क्रा या लाल शैवालातील हॅलोजनयुक्त फ्युरॅनोनमुळे या क्षेत्राला १९९० च्या दशकात मोठी चालना मिळाली, पण ती संयुगे विषारी असल्यामुळे अन्नात वापरण्याजोगी नाहीत. संकेत अडवल्याने जिवाणू मरत नाहीत, म्हणून त्यांच्यात प्रतिकार निर्माण होणार नाही, हे वाक्यही लेखांत हटकून असते. स्यूडोमोनास एरुजिनोसामध्ये असाच एक फ्युरॅनोन पेशीबाहेर फेकून देणारे प्रकार प्रयोगशाळेत मिळालेले आहेत, तेव्हा ते वाक्य प्रबंधात लिहू नये.


शीतगृह:

रेणूवाचक यांनी अर्कांच्या परिणामकारकतेविषयी लिहिले. मला सुरक्षिततेविषयी एक गंभीर मुद्दा जोडायचा आहे. समजा, उद्या असा पदार्थ सापडला की जो जिवाणूंची वाढ न थांबवता केवळ दुर्गंध आणि चिकटपणा लांबवतो. कागदोपत्री टिकाऊपणा वाढलेला दिसेल, पण मासळी वाईट झाल्याची ग्राहकाला मिळणारी सूचनाच आपण काढून घेतलेली असेल. लिस्टेरिया मोनोसायटोजेनेस शीतकपाटाच्या तापमानाला वाढतो आणि त्याचा वास येत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे प्रथिने न तोडणारे प्रकार, ज्यांत समुद्री मालाशी निगडित असलेला ‘ई’ प्रकार येतो, ३ अंशांच्या किंचित वरपासून वाढू शकतात आणि निर्वात पाकिटात नासल्याची लक्षणे दिसण्याआधीही विष तयार करू शकतात. ट्यूना किंवा मॅकरेलसारख्या माशांत मॉर्गानेला सायक्रोटॉलरन्स हा जिवाणू थंडीतही हिस्टामिन बनवतो, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून जात नाही.

आणखी एक गुंतागुंत आहे. सर्वच जिवाणूंमध्ये संकेत वाढले की उपद्रव वाढतो असे नाही. व्हिब्रिओ कॉलरीमध्ये दाटी वाढल्यावर संकेतांमुळे रोगकारक जनुके आणि चिकट थर या दोन्ही गोष्टी दाबल्या जातात. मिश्र जिवाणूसमूहात सरसकट संकेत अडवल्यास कोणाला लगाम बसेल आणि कोणाला मोकळीक मिळेल, हे आधी सांगणे कठीण आहे. त्यामुळे टिकाऊपणाचा कोणताही दावा करताना नासवणाऱ्या जिवाणूंबरोबर रोगकारक जिवाणू मुद्दाम घालून केलेली चाचणी असलीच पाहिजे, आणि तशी सोय प्रयोगशाळेत नसेल तर प्रबंधात टिकाऊपणा हा शब्द न वापरता संवेदी बदल लांबला एवढेच लिहावे.


मत्स्य_अभ्यासक:

हा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. रोगकारक जिवाणूंवर काम करण्याची परवानगी आमच्याकडे नाही, तेव्हा मी दाव्याची व्याप्ती कमी करेन. शेवटचा एक प्रश्न: संकेत न बनवणारा उत्परिवर्ती प्रकार मला एका सहकारी प्रयोगशाळेकडून मिळू शकेल, तो एरोमोनासचा आहे. तो वापरून निदान एक स्वच्छ प्रयोग करता येईल का?


पेट्रीडिश:

करता येईल, आणि एरोमोनास ही निवड चांगली आहे, कारण त्याच्या अनेक प्रकारांत ४ कार्बनच्या शृंखलेचा एएचएल आणि प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा संबंध दाखवला गेला आहे. अगदी ताज्या माशाच्या आतील मांसाचे ठोकळे निर्जंतुक सुरीने कापून घ्या, त्वचेचा स्पर्श होऊ देऊ नका, आणि काही ठोकळे जिवाणू न घालता शेवटपर्यंत तसेच ठेवा, म्हणजे बाहेरचे काही शिरले का ते कळेल. बाकीच्यांचे तीन गट करा: मूळ प्रकार घातलेले, उत्परिवर्ती प्रकार घातलेले, आणि उत्परिवर्ती प्रकारासोबत संकेत-रेणू बाहेरून घातलेले. तिसरा गट वगळू नका; त्याच्याशिवाय दिसलेला फरक जनुक निकामी करतानाच्या एखाद्या आनुषंगिक बदलामुळे नाही, हे सांगता येत नाही. संकेत-रेणूची मात्रा मूळ प्रकाराने मांसात तयार केलेल्या प्रमाणाइतकीच, म्हणजे बहुधा नॅनोमोलर पातळीची ठेवा. पुष्कळ प्रयोगांत ती मायक्रोमोलर, म्हणजे हजारपट, पातळीची घेतली जाते आणि मग मिळणारा परिणाम मांसात कधीच न घडणाऱ्या स्थितीचा असतो.

प्रत्येक वेळी तिन्ही गटांत पेशींची संख्या, मांसाचा पीएच, सुटी अमिनो आम्ले आणि बाष्पशील नत्र एकाच दिवशी मोजा, आणि निकाल दर पेशीमागे काढून मांडा. उत्परिवर्ती प्रकार नुसता हळू वाढत असेल, तर तो फरक संकेतांच्या खात्यावर जमा होता कामा नये. एरोमोनास एकटा असताना जे दिसेल ते शेवानेला आणि स्यूडोमोनास सोबत असताना टिकते का, हे दुसऱ्या टप्प्यात पाहा; स्यूडोमोनासचे काही प्रकार लोह पकडणारे रेणू सोडून शेवानेलाची वाढ रोखतात, त्यामुळे मिश्र समूहात कोण किती वाढले याची मोजणी आयर्न ॲगरवर वेगळी ठेवावी लागेल.